ज्या मे महिन्यात मी फोन मोजले

या आठवणीवर लिहायला मी यापूर्वी तीनदा बसलो. एकदा लेख रायवळ आंब्यांवर गेला, एकदा पनवेलच्या तळ्यांवर, आणि एकदा निवृत्त माणसाच्या लांबलेल्या दुपारींवर. त्यातले दोन छापूनही आले. ओळखीच्यांनी फोन करून कौतुक केलं. तिन्ही लेखांत मे महिना होता, पण त्या मे महिन्यात जे झालं ते मी तिन्ही वेळा बाजूला ठेवलं. विसरलो होतो असं नाही. मला ते सांगायचं नव्हतं. सांगायचं तर एका बाईंचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्यांच्या नावाशेजारी माझं.

आता वय बहात्तर आहे. अजून काही वर्षं टाळत राहावं एवढी शिल्लक हाताशी असेल असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

निमित्त नातीचं झालं. ईशा खारघरला राहते. आयटीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून ती या मे महिन्यात आठ दिवस आमच्याकडे आली. एका सकाळी आंबा चोखता चोखता तिने विचारलं, "आजोबा, सुट्टीत एक कोर्स करायचाय. अँड्रॉइडचा करू की आयफोनचा? की दोन्हींवर चालेल असलं काहीतरी शिकू? आमच्या वर्गात म्हणतात की आता प्रोग्राम एआयच लिहिणार, शिकूच नका."

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय? तुम्ही हेच शिकवायचात ना इतकी वर्षं?"

"शिकवायचो."

"मग कधी चुकलात का?"

"एकदा."

"मग ओरडले असतील तुम्हाला."

"मला नाही," मी म्हटलं. तोवर तिच्या हातात बाठा आला होता. कुणाला, ते तिने विचारलं नाही.

परीक्षा संपलेल्या असतात आणि निकाल लागायचे असतात. या मधल्या पाच-सहा आठवड्यांत क्लासवाल्यांचं सगळं वर्ष ठरतं. आजही कामोठ्यात रिक्षेने जाताना दोन्ही बाजूंना नव्या कोर्सचे फलक दिसतात. त्यावरची नावं दर वर्षी बदलतात, हसणारी मुलं तीच राहतात. माझ्या वेळी फलक कापडी असायचे आणि रंगारी अक्षरं चुकवायचा. आमची संस्था एसटी स्टँडमागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. दुपारी जिना चढताना कठडा हाताला पोळायचा. खाली गुऱ्हाळाच्या घुंगरांचा आवाज, कोपऱ्यावर पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या आदिवासी बायका, आणि वर, दाराला पडदा लावलेल्या लॅबमध्ये, तापलेल्या मॉनिटरच्या प्लास्टिकचा एक गोडसर वास. वीज गेली की इन्व्हर्टर पिपाणीसारखा वाजायला लागायचा आणि मुलं एका सुरात म्हणायची, "सर, सेव्ह केलं नाही." त्या हंगामाची मला आठवण येते ती या आवाजांनी. शिकवलेलं फारसं आठवत नाही. जे शिकवलं त्यातलं बहुतेक आता कुठे चालतही नाही.

आमच्या धंद्याचं हे एक वैशिष्ट्य आहे. सुतारकाम शिकवणारा मास्तर आयुष्यभर तोच रंधा शिकवतो. आम्हाला दर सात-आठ वर्षांनी रंधा टाकून द्यावा लागतो, आणि नवा रंधा कुठला हे लाकूड बघून कळत नाही. लोक कुठलं यंत्र विकत घेणार, त्यावर ते ठरतं. लोक हे आधी सांगत नाहीत. बहुधा त्यांनाही माहीत नसतं.

मी पनवेलला शिकवायला लागलो तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची. मग विंडोज आलं. तेव्हा मी दोन वर्षं अडून बसलो होतो. पनवेलच्या कुठल्या ऑफिसात विंडोज आहे ते दाखवा, मग शिकवतो, असं म्हणायचो. मी खरोखर फिरून पाहिलं होतं. वकिलांकडे, गोदामांत, तळोज्याच्या कारखान्यांच्या टाइमकीपरकडे सगळीकडे काळा पडदाच होता. बदल आला, पण रमतगमत आला, आणि तो येईपर्यंत आमची मुलं जुन्यावर नोकरीला लागलेली होती. त्यातून मी एक धडा घेतला: फिरा, मोजा, आणि मग ठरवा. हा धडा मी पंधरा-सतरा वर्षं वर्गात अभिमानाने सांगितला. एका वेळी बरोबर निघालेली गोष्ट माणूस फार काळ सांभाळतो.

संस्था म्हात्रेशेठांची होती. दूध सोसायटी, शाळा समिती, देवस्थान यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण कागद चोख हवा. त्यांच्या आग्रहाने आमच्याकडे एक ठराव वही होती, लाल पुठ्ठ्याची. शिक्षकांच्या बैठकीत जे ठरेल ते तिच्यात सोसायटीच्या पद्धतीने लिहायचं: विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, अध्यक्ष. बैठकीला शेठ नसायचे. महिन्याने येऊन वही वाचायचे आणि खाली सही करायचे. शिक्षकांचा प्रमुख म्हणून अध्यक्ष मी. आणि अध्यक्षाने स्वतः ठराव मांडायचा नसतो, हा शेठांचा नियम. "खुर्चीवर बसलाव ना मास्तर, मग मांडनारा दुसरा पायजे," ते म्हणायचे. आम्ही तीन-चार शिक्षक, तेव्हा बहुतेक ठराव माझ्याच डोक्यातले असायचे आणि सूचक म्हणून समोर बसलेल्या कुणाचं तरी नाव लागायचं. चहा सांगावा तितक्या सहज.

नाखवा मॅडम आमच्याकडे प्रोग्रामिंग शिकवायच्या. उरणच्या पलीकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून रोज यायच्या. घरात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्या. वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास. आवाज बारीक होता, पण मागच्या बाकापर्यंत जायचा. एखाद्याचा प्रोग्राम अडला की त्या माउसला हात लावायच्या नाहीत. खुर्चीमागे उभं राहून म्हणायच्या, "वाच. तू काय लिहिलंयस ते मोठ्याने वाच." मुलगा वाचायचा आणि तिसऱ्या ओळीला स्वतःच हसायचा. मी तीस वर्षं शिकवलं, पण मला हे कधी सुचलं नाही.

त्या वर्षी मोबाईलवरच्या प्रोग्रामिंगचा वर्षभराचा कोर्स काढायचं चाललं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा लोकांच्या हातात बटणांचे फोन होते आणि त्यांतल्या बऱ्या फोनांमध्ये सिम्बियन नावाची सिस्टीम असायची. अँड्रॉइडचे फोन नुकते दुकानांत दिसायला लागले होते. आम्हाला एक निवडायचं होतं. दोन्ही शिकवायला माणसं नव्हती.

मॅडमनी स्वतःसाठी एक अँड्रॉइड फोन घेतला होता. त्यावर त्यांनी वडिलांसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बनवलं होतं. तिथी टाकली की पाणी कधी भरेल, कधी उतरेल, ते यायचं. त्यांचे वडील एकदा इंजिनाचा कसला भाग घ्यायला पनवेलला आले तेव्हा वर लॅबमध्ये आले. उंच, वाळलेला माणूस, एसीत अंग चोरून बसलेला. मी त्यांना विचारलं, मुलीचं वेळापत्रक बरोबर येतं का.

"बरोबर येतं," ते म्हणाले. "पन मना नाय लागत. माज्या आंगात हाय त्यो."

"बाबा, सरांना तरी चांगलं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"चांगलाच सांगतंय. पोरीनं क्येलंय म्हून मी दोनदा बगतो. एकदा आंगानं, एकदा फोनानं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, पानी किती हाय त्यो आमी नाय बगत. भरती संपाय आली का पानी सगल्यात जास्ती दिसतं. नवा मानूस फसतो, होडी आत घालतो, नि मंग चिखलात रुतून बसतो. आमी चढतंय का उतरतंय त्यो बगतो."

मी मान डोलावली. छान बोलतात हो तुमचे वडील, असं नंतर मॅडमना म्हणालोही. त्यापलीकडे ते वाक्य माझ्यात गेलं नाही.

त्याच आठवड्यात मी वही घेऊन बाहेर पडलो. वहीत दोन रकाने आखले होते, बटणांचे फोन आणि बिनबटणांचे. सकाळी एसटी स्टँड, दुपारी कामोठ्याच्या क्लासांबाहेर, आणि पाळी सुटायच्या वेळी तळोज्याच्या कारखान्यांच्या फाटकावर. डोक्याला रुमाल बांधून उभा राहायचो आणि ज्याच्या हातात फोन दिसेल त्याची रेघ मारायचो. तळोज्याला हवेला आंबूस वास असायचा. पाळीचे लोक बाहेर येता येता घरी फोन लावायचे, त्यामुळे तिथे रेघा भराभर व्हायच्या. मासळी बाजारात एका कोळणीने मला हटकलं.

"काय मास्तर, पापलेट सोरून माजा फोन काय बगताव?"

"मोजतोय," मी म्हटलं.

"फोन इकाय नाय बसले मी. पापलेट मोजा, नी घ्या."

शेजारच्या बायका हसल्या. मी तिचीही रेघ मारली, बटणांच्या रकान्यात. आठवडाभराने त्या रकान्याची पानं भरली होती, आणि दुसऱ्या रकान्यात बोटांवर मोजता येतील एवढ्या रेघा होत्या. मला समाधान वाटलं. या वयातही कष्ट करून, उन्हात उभं राहून निर्णय घेतो, याचं ते समाधान होतं. माणूस घाम गाळून चुकला की चूक लवकर दिसत नाही.

बैठकीला आम्ही तिघंच होतो. मी, मॅडम आणि हार्डवेअर शिकवणारे एक सर. मी वही उघडून दाखवली. मॅडमनी ती शांतपणे पाहिली, पानं उलटली.

"सर, हे लोकांच्या खिशात आहेत ते फोन," त्या म्हणाल्या. "हे त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेत. आपली मुलं कोर्स संपवून नोकरी शोधतील ती पुढच्या वर्षी. तुम्ही एक दिवस मोबाईलच्या दुकानात बसा. गिऱ्हाईक आत येऊन काय मागतंय ते मोजा."

"दुकानात कोणी काहीही मागतं. घेतात काय ते महत्त्वाचं."

"मी बसले होते, सर. तीन दुकानांत. मागतायत तेच घेतायत."

"मॅडम, विंडोजच्या वेळीही लोक असंच म्हणत होते."

"तेव्हा कॉम्प्युटर ऑफिस घेत होतं. फोन माणूस स्वतः घेतो. तो वाट बघत नाही."

हार्डवेअरचे सर घड्याळाकडे बघत होते. त्यांना कळंबोलीला शिकवणीला जायचं होतं. मी म्हटलं, बाजार मोजलाय, आपण सिम्बियन घेऊ, पुढच्या वर्षी बघता येईल. मग लाल वही ओढली आणि ठराव लिहिला. सूचकाच्या जागी आलो तेव्हा म्हटलं, "नाखवा मॅडम, तुमचं नाव टाकतो. विषय तुमचा आहे."

"पण सर, माझं मत उलटं आहे."

"अहो, नाव लागतं फक्त. मला टाकता येत नाही. शेठ वही परत पाठवतील."

त्यांनी क्षणभर पेन हातात धरलं. मग सही केली. खाली अनुमोदक म्हणून हार्डवेअरच्या सरांनी केली. ते उन्हाळ्याचे, गर्दीचे दिवस होते. बाहेर चौकशीला माणसं थांबली होती आणि मी मॅडमचा प्रमुख होतो. त्यावेळी माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. ते नंतर आलं.

कोर्सला जागा उरली नाही. मुलांपेक्षा नोकरी करणारेच जास्त आले, तळोज्यातून पाळी करून येणारे. मॅडमनी तो कोर्स स्वतःचा असल्यासारखा शिकवला. ज्याला विरोध केला ते मन लावून शिकवणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. मी त्याला सहमती समजलो.

वर्ष संपायच्या आतच बातमी आली, की ज्या कंपनीचे फोन पनवेलभर मी मोजले होते, तिनेच ती सिस्टीम सोडायचं ठरवलंय. पुढचा मे येईपर्यंत दुकानांच्या काचांतून बटणं जवळपास दिसेनाशी झाली. आमचे विद्यार्थी मुलाखतींना जायला लागले. त्यांतला एक जण, रसायनांच्या कारखान्यात काम करणारा, तिशीला आलेला, माझ्यासमोर येऊन बसला. हातांची कातडी सोललेली असायची त्याची. त्या कामातून सुटायला म्हणून तो शिकला होता.

"काय झालं मुलाखतीचं?" मी विचारलं.

"विचारलं, अँड्रॉइड येतं का. मी म्हटलं, सिम्बियन येतं." तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "माणूस चांगला होता, सर. हसला नाही. पाणी दिलं मला."

अशा पंधरा-वीस जणांनी मिळून शेठांकडे तक्रार केली. शेठांनी मला आणि मॅडमना बोलावलं. त्यांच्या पंख्याखाली ठराव वही उघडी होती. हार्डवेअरचे सर तोवर दुबईला गेले होते, त्यामुळे त्या बैठकीतले आम्ही दोघंच उरलो होतो.

शेठांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. "सूचक, नाखवा. अनुमोदक…" ते थांबले. "मॅडम, ह्यो विषय तुमी मांडलाव?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. माझी बोलायची पाळी आहे आणि मी आता बोलेन, एवढंच त्यात होतं. वर्गात एखाद्याला उत्तर येतं हे माहीत असताना त्या जसं थांबायच्या, तसं थांबल्या होत्या.

मी वहीकडे पाहिलं. माझं वय सत्तावन्न होतं. निवृत्तीला तीन वर्षं. घराला रंग काढायचा होता, मुलाचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. शेठांचं बोट जिथे आहे तिथे माझं नाव नाही, एवढंच दिसलं, आणि बरं वाटलं.

"वहीत आहे तसंच आहे, शेठ," मी म्हणालो.

"सही माझीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग झालं," शेठ म्हणाले, आणि वही मिटली.

बाहेर जिन्यात त्या एक पायरी खाली थांबल्या. "सर, तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

"नंतर बोलू," मी म्हटलं.

त्यांना वर्गावरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. मे-जूनमध्ये प्रवेशाला येणाऱ्यांना त्या माहितीपत्रक द्यायच्या. लॅबमधून मला त्यांची पाठ दिसायची. त्यांची जागा मी घेतली आणि तो वर्ग अँड्रॉइडचा केला. फी घेतली नाही आणि जुन्या मुलांनाही बसू दिलं, त्यामुळे माझं नाव झालं. चूक सुधारणारे सर. मी जे शिकवत होतो त्यातलं बरंचसं मॅडमच्या टिपणांच्या वहीतलं होतं. कपाट रिकामं करताना ती वही त्यांनी तिथेच ठेवली होती, मुलांना लागेल म्हणून.

दिवाळीनंतर त्या सोडून गेल्या. काही दिवसांनी खारघरच्या एका कॉलेजातून मला फोन आला. नाखवांनी व्याख्याता म्हणून अर्ज केलाय, मुलाखत उत्तम झालीय, पण तुमच्याकडच्या त्या कोर्सबद्दल ऐकलं, तो निर्णय त्यांचाच ना? दुसऱ्या टोकाचा माणूस घाईत नव्हता. मला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "शिकवतात छान. निर्णयाचं म्हणाल तर कागदोपत्री तसं आहे." यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना तिथे घेतलं नाही.

कुठली सिस्टीम टिकेल हे चुकणं ही काही मोठी गोष्ट नाही. माझ्याहून कितीतरी हुशार माणसं, मोठाल्या इमारतींत बसून, त्याच वर्षी तेच चुकली. ती चूक मी केव्हाच स्वतःला माफ केली आहे. मी चुकलो एका ठिकाणी आणि गुन्हा केला दुसऱ्या ठिकाणी, आणि लोकांना, मलाही, पहिल्याबद्दल बोलणं सोपं जातं. निवृत्तीच्या समारंभात मी माझ्या या फसलेल्या कोर्सचा किस्सा सांगितला होता. "आम्ही सगळेच तेव्हा फसलो," असं म्हणालो होतो. टाळ्या पडल्या.

गेल्या वर्षी मेच्या शेवटी मी उरणकडच्या एसटीत बसलो. मासेमारी बंद व्हायचे दिवस होते. गावात होड्या वर ओढलेल्या, आणि दोऱ्यांवर, बांबूंवर, डांबरी रस्त्याच्या कडेलासुद्धा मासळी वाळत घातलेली. त्या वासातून घर विचारत गेलो. नाखवा मॅडम ओट्यावर बसून दोन खलाशांचे अर्ज फोनवर भरत होत्या. केस पांढरे झालेत. आवाज तोच आहे.

"सर? या, या. एवढ्या उन्हात?"

त्यांनी आत नेलं, पंखा माझ्याकडे वळवला. चहा केला. वडील चार वर्षांपूर्वी गेले. भाऊ होडी बघतो. होड्यांचे परवाने, डिझेलचे अर्ज, बोटींवरच्या माणसांची कागदपत्रं, सगळं आता ऑनलाइन झालंय, ते त्या गावाला भरून देतात. "लोक म्हणतात बाई हुशार आहे," त्या हसून म्हणाल्या. "बटण कुठलं दाबायचं ते माहीत असणं म्हणजे हुशारी." मग कप उचलताना म्हणाल्या, "शिकवायचं तेवढं राहिलं."

तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत. पाऊस लांबला म्हणावं तसं म्हणाल्या. माझ्याकडे वाक्यं तयार होती, एसटीत पाठ केलेली. मी म्हणालो, चहात आलं छान लागतंय. मग गुडघ्यांबद्दल बोललो, मुलाच्या बदलीबद्दल बोललो, खाडीवरच्या नव्या पुलाबद्दल बोललो. तासभर झाला.

"सर, काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सहज. इकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

त्यांनी पिशवीत सोडे, वाळवलेली कोलंबी, बांधून दिले. गाडीपर्यंत पोचवायला आल्या. मी खिडकीतून हात केला.

आणि या मे महिन्यात ईशा. तिला मी दोन दिवसांनी उत्तर दिलं. म्हटलं, कुठल्या फोनवर आज किती लोक आहेत ते मोजू नकोस. पाणी किती आहे ते बघू नये, चढतंय की उतरतंय ते बघावं. भरती संपायला आली की पाणी सगळ्यात जास्त दिसतं. मग एक-दोन कंपन्यांत जाऊन विचार, की पुढच्या वर्षी कशासाठी माणसं घेणार आहात. तिने फोन बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, भारी आहे हे. तुमचं आहे?"

मी हसलो. नाही म्हणालो नाही. तिने ते मैत्रिणींना पाठवलं, खाली माझं नाव घालून. त्या दुपारी मला झोप लागली नाही. पहिल्या वेळी मी माझा निर्णय त्यांच्या नावावर घातला होता, आणि आता त्यांच्या घरचं शहाणपण माझ्या नावावर. मधल्या पंधरा वर्षांत मी बदललो आहे असं मला वाटत होतं.

संध्याकाळी ईशाला बोलावून सांगितलं, ते वाक्य कुणाचं आहे. मग बाकीचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग त्यांना फोन करा ना, आजोबा." नंबर माझ्याकडे आहे. मी आठवड्यात चारदा तो उघडतो. म्हणून आता जे एसटीत पाठ केलं होतं आणि त्यांच्या घरात एक तास बसूनही ज्याला तोंड फुटलं नाही, ते इथे लिहितो.

नाखवा मॅडम, त्या कोर्सचा निर्णय माझा होता. तुम्ही नको म्हणाला होता, आणि का नको तेही सांगितलं होतं. सही मी मागितली म्हणून तुम्ही केलीत. शेठांसमोर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा हे एवढंच बोलायचं होतं, आणि मी गप्प बसलो. खारघरहून फोन आला तेव्हा पुन्हा गप्प बसलो. तुमचं शिकवणं माझ्यामुळे सुटलं. मी तुमची माफी मागतो.